मद्रासचा १८५२ चा अर्ज: मागणी तलाव-रस्त्यांची, चौकशी छळाची

डिसेंबर १८५२ मध्ये मद्रास नेटिव्ह असोसिएशनने ब्रिटिश पार्लमेंटकडे एक लांबलचक अर्ज पाठवला. त्यात जमीनमहसूल, मोहतर्फा (धंद्यांवरचा कर), मिठाची मक्तेदारी, कोर्टांची दिरंगाई, शाळा, रस्ते, पूल, तलाव असे सगळेच होते. पुढच्या अडीच वर्षांत पार्लमेंटच्या दबावाने खरी हालचाल झाली ती एकाच मुद्द्यावर: महसूल वसूल करताना रयतेचा होणारा शारीरिक छळ. एवढ्या मागण्यांतली हीच का सरकली आणि तलाव-रस्त्यांचे काम वेगळ्या वाटेने का गेले, हे या प्रकरणात पाहायचे आहे. पुढाऱ्यांची व अधिकाऱ्यांची नावे सार्वजनिक नोंदीतली आहेत. तक्रार करणाऱ्या रयतांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

ईस्ट इंडिया कंपनीची सनद वीस-वीस वर्षांनी नवी होत असे: १७९३, १८१३, १८३३. पुढची मुदत एप्रिल १८५४ मध्ये संपणार होती. म्हणून १८५२ मध्येच पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी (कॉमन्स आणि उमरावांचे लॉर्ड्स) हिंदुस्थानच्या कारभाराची चौकशी करायला समित्या नेमल्या. अर्ज करायचा तर हीच वेळ, हे तिन्ही इलाख्यांतल्या शिकल्या-सवरल्या आणि पैसेवाल्या मंडळींनी ओळखले. कलकत्त्यात ब्रिटिश इंडियन असोसिएशन १८५१ मध्ये उभी राहिली. मुंबईत २६ ऑगस्ट १८५२ रोजी जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड, नौरोजी फर्दुनजी आदींनी बॉम्बे असोसिएशन काढली. मद्रासमध्ये पुढाकार होता गाजुलु लक्ष्मीनरसू चेट्टी यांचा. ते नीळ आणि कापडाचे व्यापारी. १८४४ पासून 'क्रेसेंट' हे इंग्रजी वर्तमानपत्र ते चालवत होते. सरकारी शाळांत बायबल शिकवण्याच्या बेताविरुद्ध १८४६ मध्ये सभा भरवून कंपनीच्या डायरेक्टरांकडे अर्ज पाठवण्याचा अनुभवही त्यांच्या गाठीशी होता.

मद्रासची जमीनव्यवस्था मुख्यतः रयतवारी, मद्रासचे एक गव्हर्नर थॉमस मन्रो यांच्या घडणीची. बंगालमध्ये सरकार आणि कुळ यांच्यामध्ये जमीनदार होता. इथे सरकारचा थेट संबंध शेतकऱ्याशी, म्हणजे व्यवहारात तहसीलदाराशी आणि त्याच्या शिपायांशी. १८१६ च्या अकराव्या रेग्युलेशनने याच तहसीलदाराकडे तालुक्याची पोलिसीही आली. पैसा मागणारा आणि कोठडीत घालू शकणारा माणूस एकच. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

अडचण

अर्जदारांनी स्वतःच आपली गाऱ्हाणी थोडक्यात मांडली आहेत. त्रास मुख्यतः जबर करांचा आणि ते वसूल करतानाच्या जाचाचा, तसाच कंपनीच्या कोर्टांच्या अपुरेपणाचा, दिरंगाईचा आणि खर्चाचा. गरज मुख्यतः रस्ते, पूल, पाण्याची कामे आणि शिक्षणाची. मोहतर्फ्याबद्दलचा परिच्छेद तर आजही वाचण्यासारखा आहे. विणकर, सुतार, लोहार, रस्त्याच्या कडेला बसणारा विक्रेता, सगळ्यांवर हा कर होता. कुणाला तो हत्यारांवर, कुणाला विकायच्या परवानगीवर. कधी कधी हत्याराच्या किमतीच्या सहापट कर जाई, असे अर्जदार म्हणतात. मुंबई इलाख्यात धंद्यांवरचे असे कर १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्याने आधीच गेले होते. शेजारच्या इलाख्यात गेलेला कर आपल्याकडे का, हा प्रश्न मद्रासकरांच्या हातात आयता होता.

कागदावर मात्र ही गाऱ्हाणी सुटी-सुटी दिसतात. जमिनीवर ती एकाच साखळीची कडी होती. एका तलावाचे उदाहरण घेऊ.

मद्रासच्या कोरड्या जिल्ह्यांत भात पिकते ते मातीच्या बांधामागे साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर. अशा तलावाला तीन अंगे असतात: बांध, पाणी सोडायची तूमे आणि जादा पाणी जायचा सांडवा. तिन्ही सांभाळावी लागतात. गाळ साचला की साठा घटतो. तूम फुटली की पाणी बांधातूनच वाट काढते. सांडवा बुजला की एका मोठ्या पावसात पाणी बांधावरून जाते आणि बांध वाहून जातो. किरकोळ डागडुजी गावाने अंगमेहनतीने करायची (कुडिमरामत), मोठे काम सरकारने, अशी जुनी वहिवाट. कंपनीच्या राज्यात मोठ्या कामाचा अंदाज तालुक्यातून कलेक्टरकडे आणि तिथून महसूल मंडळाकडे जाई. मंडळाला मुख्य काळजी वसुलीची. दुरुस्ती हा त्याच्या दृष्टीने खर्च. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो. मंजुरी त्यानंतर आली तर त्या वर्षाचे पाणी गेलेच.

आता त्या तलावाखालच्या शेतकऱ्याकडे पाहा. त्याची जमीन 'नंजै', म्हणजे भिजणाऱ्या जमिनीच्या चढ्या दराने बसवलेली. पाणी आले नाही तरी दर कायम. सूट मिळायची तर जमाबंदीच्या, म्हणजे वर्षाची आकारणी ठरण्याच्या वेळी, तीही साहेबाच्या मर्जीवर आणि कर्णम् म्हणजे गावच्या कुलकर्ण्याने काय लिहून ठेवले आहे त्यावर. हप्ता मात्र त्याआधीच भरायचा. पीक नाही, हप्ता थकलेला, वरून वसुलीचा आकडा पुरा करायची ताकीद, आणि समोर पोलिसीचा अधिकार असलेला तहसीलदार. छळ इथे सुरू होतो.

छळाचे प्रकार पुढे अधिकृत अहवालातच नोंदले गेले. भर उन्हात उभे करणे, जेवायला किंवा बहिर्दिशेला जाऊ न देणे, वाकवून पाठीवर दगड ठेवणे. 'किट्टी', म्हणजे दोन लाकडी दांड्यांच्या चापात बोटे किंवा हात-पाय दाबणे. 'अनंदाल', म्हणजे मान आणि पाय दोरीने जवळ बांधून माणसाला तासन्‌तास वाकलेला ठेवणे. बहुतेकदा थकबाकी क्षुल्लक असे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय जिल्ह्यातच दाद मागण्याचा. कलेक्टरकडे अर्ज दिला की तो 'चौकशी करून कळवावे' असा शेरा पडून खाली येई, आणि खाली म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच तहसीलदाराकडे. कोर्टात जायचे तर मुद्रांक, वकील, साक्षीदार आणि दिवसांची मजुरी. दहा रुपयांच्या थकबाकीपायी मार खाल्लेल्या माणसाला ते झेपणारे नव्हते.

दुसरा, लंडनमधल्या डायरेक्टरांकडे दाद. हा अर्ज मद्रास सरकारमार्फतच जाई आणि त्यांचा अभिप्राय सोबत जोडला जाई. धर्माच्या प्रश्नावर डायरेक्टरांनी अर्जदारांच्या बाजूने कौल दिला होता. पण तिथे कंपनीचा पैसा गुंतलेला नव्हता. महसुलाच्या प्रश्नात आरोपी, न्यायाधीश आणि लाभार्थी तिन्ही कंपनीच.

तिसरा, कलकत्त्याबरोबर संयुक्त अर्ज. मद्रासची संस्था १८५२ च्या सुरुवातीला कलकत्त्याची शाखा म्हणूनच निघाली होती. मात्र कलकत्त्यात जमीनदारांचे वजन. तिथल्या मसुद्यात वरिष्ठ नोकऱ्या आणि कायदेमंडळ यांवर भर, रयतवारीच्या दुखण्याला जागा थोडी. काही महिन्यांतच मद्रासकर वेगळे झाले.

चौथा, स्वतंत्र अर्ज थेट पार्लमेंटकडे. तोच निवडला.

वेगळे होण्याची किंमत होती: एका आवाजाचे वजन गेले. तरी निर्णय बरोबरच वाटतो. संयुक्त अर्जात वसुलीचा जाच एखाद्या ओळीत आटोपला असता.

काय केले

पार्लमेंटच्या अर्जाचे नियम कडक असत. मजकूर हस्तलिखित हवा, छापील किंवा शिळाप्रतीचा चालत नसे. खाडाखोड किंवा ओळींच्या मध्ये घातलेले शब्द नकोत. भाषा आदराची. शेवटी नेमकी प्रार्थना, म्हणजे आम्हाला काय हवे ते. आणि निदान एक सही त्याच कागदावर हवी ज्यावर ती प्रार्थना आहे, नाहीतर कोरे सह्यांचे कागद कुठल्याही अर्जाला जोडता येतील. अर्ज टपालाने टाकून भागत नसे. सभागृहाच्या एखाद्या सदस्याने तो सादर करावा लागे.

कोणत्या सभागृहात? कॉमन्समध्ये अर्जांचा पूर होता. १८४३ या एका वर्षात तीस हजारांहून अधिक अर्ज तिथे आले होते. त्यामुळे १८४० च्या दशकापासून अर्ज सादर करताना भाषण करायची मुभा जवळपास उरली नव्हती. अर्ज टेबलावर ठेवायचा, तो अर्जांच्या समितीकडे जायचा, फार तर परिशिष्टात छापला जायचा. लॉर्ड्समध्ये मात्र अर्ज मांडणारा उमराव त्यावर सविस्तर बोलू शकत असे. मद्रासचा अर्ज फेब्रुवारी १८५३ मध्ये लॉर्ड्समध्ये मांडला तो अर्ल ऑफ एलेनबरो यांनी. हे माजी गव्हर्नर जनरल. १८४४ मध्ये डायरेक्टरांनी त्यांना परत बोलावले होते, म्हणजे कंपनीशी त्यांचे जुने वैर. सादरकर्ता म्हणून निवड चतुर होती: माहिती आहे, वजन आहे आणि कंपनीची भीड नाही. अडचण एवढीच, की त्यांचे भांडण डायरेक्टरांशी होते. तलावाखालच्या रयतेशी त्यांना विशेष देणेघेणे नव्हते.

लंडनमध्ये आणखी दोन टेकू मिळाले. मद्रासच्या सदर अदालतीतून (कंपनीच्या वरिष्ठ कोर्टातून) काढून टाकलेले न्यायाधीश माल्कम लेविन असोसिएशनच्या बाजूने खटपट करत होते. आणि मार्च १८५३ मध्ये जॉन डिकिन्सन यांनी इंडिया रिफॉर्म सोसायटी स्थापन केली, तिच्यात जॉन ब्राइटसारखे खासदार आले.

तरीही सनदेच्या लढाईत हाती फारसे लागले नाही. कंपनीवर देखरेख करणाऱ्या सरकारी बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष चार्ल्स वुड यांनी ३ जून १८५३ रोजी विधेयक मांडले, ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. सनदी नोकरीसाठी स्पर्धा परीक्षा आली. कायदे करण्यासाठी गव्हर्नर जनरलच्या मंडळात मद्रास, मुंबई, बंगाल आणि आग्रा येथून एकेक सदस्य आला, पण चौघेही सरकारी अधिकारी. हिंदी माणूस एकही नाही. मोहतर्फा, मीठ, तलाव यांबद्दल कायद्यात काहीच नाही. फक्त एक फट राहिली: या वेळी सनदेला वीस वर्षांची मुदत घातली नाही, 'पार्लमेंट अन्यथा ठरवीपर्यंत' एवढेच म्हटले. म्हणजे विषय कधीही पुन्हा उघडता येणार होता.

वळण देणारा निर्णय

इथे बहुतेक संस्था दुसरा अर्ज लिहितात. बॉम्बे असोसिएशनने तेच केले. १८५३ चा तिचा दुसरा अर्ज जास्त कडक होता, आणि सर जमशेटजी जीजीभाईंसारखे मोठे आश्रयदाते दुरावले. मद्रासने त्या वर्षी वेगळे काही केले. इंडिया रिफॉर्म सोसायटीचे अध्यक्ष, पूलचे खासदार हेन्री डॅन्बी सेमूर १८५३ च्या अखेरीस मद्रासला आले तेव्हा लक्ष्मीनरसू यांनी त्यांना शहरात सभा-सत्कारांत अडकवून ठेवले नाही. दक्षिणेच्या जिल्ह्यांत नेले, रयतेची गाठ घालून दिली, तक्रारी समोर ऐकवल्या.

या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत किफायतशीर निर्णय हाच. खर्च एका दौऱ्याचा. आणि कागदावरच्या 'वसुलीतील जाचा'ला सभागृहात उभा राहून बोलणारा माणूस मिळाला.

जुलै १८५४ मध्ये मद्रासच्या जमीनमहसुलावर कॉमन्समध्ये चर्चा झाली आणि छळाचा आरोप उघडपणे झाला. कंपनीच्या बाजूच्या सदस्यांनी तो मानला नाही. पण आता नाकारणेही महाग होते: आरोप खोटा असेल तर चौकशी करायला हरकत काय? त्याच वर्षी मद्रास सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. ई. एफ. इलियट, एच. स्टोक्स आणि बॅरिस्टर जॉन ब्रूस नॉर्टन हे त्याचे सदस्य. नॉर्टन हे कंपनीच्या न्यायव्यवस्थेचे उघड टीकाकार होते, म्हणून अहवालाला 'घरचाच निवाडा' म्हणणे कठीण गेले.

आयोगाने तक्रारी मागवणारी जाहिरात देशी भाषांतही काढली. मुदत तीन महिन्यांची, आणि फक्त गेल्या सात वर्षांतल्या घटना घ्यायच्या. एवढ्यात १,९५९ तक्रारी आल्या: ५१९ जण स्वतः हजर झाले, बाकीच्यांनी पत्रे धाडली. ज्या रयतेबद्दल 'तक्रारच नाही, म्हणजे छळ नाही' असे म्हटले जाई, तिने दार उघडताच रांग लावली.

परिणाम

एप्रिल १८५५ च्या अहवालाने छळ सर्रास चालतो हे मान्य केले. दाद मागणे किती अवघड आहे, अंतर, खर्च आणि अर्ज पुन्हा त्याच अंमलदाराकडे येण्याची पद्धत, हेही स्पष्ट लिहिले. पण जबाबदारी कनिष्ठ देशी नोकरांवर थांबवली. लोकांचे रडगाणे आपल्याच देशबांधवांच्या क्रौर्याविरुद्ध आहे, युरोपीय अधिकाऱ्यांच्या बेपर्वाईविरुद्ध नाही, असा त्यांचा निष्कर्ष. वसुलीचा आकडा ठरवणारे कोण, आणि तो पुरा न केल्यास तहसीलदाराची नोकरी कोणाच्या हातात, हे प्रश्न आयोगाच्या कक्षेत बसत नव्हते. (सप्टेंबर १८५७ मध्ये कार्ल मार्क्सने न्यूयॉर्क डेली ट्रिब्यूनमध्ये याच अहवालाचा आधार घेऊन नेमके इथेच बोट ठेवले.)

प्रत्यक्ष बदल हळू आला, पण आला. १८५९ च्या चोविसाव्या कायद्याने मद्रासमध्ये पोलीस महसूल खात्यापासून वेगळे झाले, आणि १८६१ चा अखिल हिंदुस्थानचा पोलीस कायदा बराचसा त्याच नमुन्यावर बेतला. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, हा नियम १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि पुढे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये आला. १८६० च्या दंड संहितेत कलम ३३० खाली जी उदाहरणे दिली, त्यांत थकबाकी वसूल करण्यासाठी छळ करणारा महसूल अधिकारीच आहे. जमीनमहसुलाची नवी मोजणी व आकारणी १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. मोहतर्फा गेला, पण १८६० च्या आयकरानंतर.

आणि तलाव-रस्ते? ते अर्जाने हलले नाहीत, इंजिनिअरांनी हलवले. मद्रासच्या सार्वजनिक कामांची चौकशी करणाऱ्या कमिशनचा अहवाल २३ डिसेंबर १८५२ चा, म्हणजे अर्ज पाठवला त्याच महिन्यातला. त्याने महसूल मंडळाखालच्या कामकाजाचे वाभाडे काढले. तिकडे गोदावरीवर धवळेश्वरम् येथे आर्थर कॉटन यांचा बंधारा १८५२ मध्येच पुरा झाला होता, आणि पाण्यावर खर्च केलेला पैसा महसुलातून परत येतो हे कंपनीला पटू लागले होते. डलहौसीच्या काळात, १८५४-५५ मध्ये, वेगळे सार्वजनिक बांधकाम खाते निघाले. पैसा बंधारे-कालव्यांसारख्या मोठ्या, उत्पन्न देणाऱ्या कामांकडे गेला. विखुरलेले गावतलाव मागेच राहिले. ब्राइट १८५८ मध्ये कॉमन्समध्ये म्हणाले, की १८३४ ते १८४८ या चौदा वर्षांत कंपनीने साऱ्या मुलखात सार्वजनिक कामांवर जेवढे खर्च केले, त्याहून जास्त एकट्या मँचेस्टर शहराने नुसत्या पाणीपुरवठ्यावर केले. तेव्हा मात्र कंपनीचे राज्य संपत आले होते.

काय वेगळे करता आले असते

वेळ. अर्ज फेब्रुवारी १८५३ मध्ये मांडला गेला. समित्यांचे काम १८५२ पासून चालू होते आणि साक्षी देणारे बहुतेक कंपनीचे आजी-माजी अधिकारीच होते. मद्रासहून लंडनला टपाल पोचायला सुएझमार्गेही सुमारे दीड महिना. संस्था सुरुवातीपासूनच वेगळी असती तर अर्ज निदान समितीपुढच्या साक्षींच्या वेळी हाती असता.

एक अर्ज की अनेक? सगळे एकात घातल्याने प्रत्येक सदस्याला आपल्या सोयीच्या एका मुद्द्यावर बोलून बाकीचे सोडून देता आले. नियमात तालुक्या-तालुक्याने वेगळे, छोटे अर्ज करायला मनाई नव्हती. एका गावाचा एक तलाव: बांध कधी फुटला, अंदाज कधी गेला, मंजुरी कधी आली, त्या वर्षी नंजै आकारणी किती, सूट किती, वसुलीला कोण आले. असा अर्ज दोन पानांत मावतो आणि तो नाकारायला समोरच्याला कागद काढून दाखवावे लागतात. अर्थात त्यात तक्रारदार उघडा पडतो. लंडनचा निकाल येईपर्यंत त्याला त्याच तहसीलदाराच्या तालुक्यात राहायचे असते. सामुदायिक, मोघम अर्ज लिहिण्यामागे ही भीतीही असणार, आणि ती अवास्तव म्हणता येत नाही.

कोणाकडे काय मागायचे. हिंदुस्थानच्या खर्चाचा अर्थसंकल्प पार्लमेंट मंजूर करत नसे. तो डायरेक्टर आणि बोर्ड ऑफ कंट्रोल यांच्या हातात. 'तलाव बांधा' ही प्रार्थना पार्लमेंटपुढे ठेवली की ऐकणाऱ्याकडे करायला काही उरत नाही. 'चौकशी करा', 'कागद सभागृहापुढे मांडा' ही प्रार्थना मात्र बसल्या जागी मान्य करता येते. छळाच्या बाबतीत नकळत तेच घडले. कामांच्या बाबतीतही 'तलावनिहाय खर्च, मंजुरीच्या तारखा आणि त्याखालचा महसूल यांचे तक्ते मागवा' अशी मागणी करता आली असती.

पुरवणी. सार्वजनिक कामांच्या कमिशनचा अहवाल सरकारी पगारावरच्या माणसांचा होता आणि अर्जातले म्हणणेच बोलत होता. सेमूर यांच्या दौऱ्यातल्या कैफियती आणि तो अहवाल एकत्र जोडून, फुटका बांध, न मिळालेली सूट आणि किट्टी हे एकच प्रकरण म्हणून जुलै १८५४ च्या चर्चेआधी लंडनला धाडले असते, तर आयोगाची कक्षा 'छळ झाला का' याऐवजी 'वसूल का होत नव्हता' अशी आखून मागता आली असती.